पांगायचे कुठे? बसस्थानकातील पोलिसी बळ आणि बीड जिल्हा

जमाव पांगवण्यासंबंधीचा भारतीय कायदा मोकळे मैदान डोळ्यांसमोर ठेवून घडलेला आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत असलेली, १९७३ च्या संहितेत कलम १२९ म्हणून टिकलेली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये जवळपास तशीच उतरलेली ही तरतूद सांगते की, अधिकाऱ्याने आधी जमावाला पांगण्याचा हुकूम द्यावा आणि हुकूम मानला गेला नाही, किंवा तो मानायचा नाही असा जमावाचा निश्चय दिसला, तर बळाने जमाव पांगवावा. या रचनेत तीन गोष्टी न बोलता गृहीत धरल्या आहेत: हुकूम ऐकू जातो, ऐकणाऱ्याला निघून जायला वाट असते, आणि जमलेले लोक एकाच हेतूने जमलेले असतात. बसस्थानकात आणि रेल्वेच्या डब्यात यांतील एकही गोष्ट खरी नसते. तेथे मोर्चातील तरुण आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात रुग्णाला घेऊन निघालेले कुटुंब एकाच छपराखाली उभे असतात. गाड्यांची इंजिने चालू असल्यामुळे हातातल्या भोंग्यावरचा हुकूम दुसऱ्या फलाटापर्यंत पोहोचत नाही. आणि गाड्या आत येण्याच्या व बाहेर पडण्याच्या दोन फाटकांवर जर पोलिसांचीच कडी उभी असेल, तर पांगायचे कुठे हा प्रश्न अक्षरशः उरतो.

सार्वजनिक वाहतुकीतील पोलिसी बळाचा प्रश्न या अर्थाने मोर्चाच्या बंदोबस्ताचा उपप्रश्न नाही. तो स्वतंत्र आहे, कारण येथे पोलीस आणि ज्याच्यावर बळ वापरायचे तो इसम यांच्यामध्ये नेहमीच एक तिसरा पक्ष असतो, तो म्हणजे प्रवासी. बळाच्या वापराचे धोरण म्हणजे कोणत्या प्रसंगी, कोणी, किती आणि कोणत्या साधनाने बळ वापरावे, त्याआधी काय करून पाहावे आणि नंतर त्याची नोंद कशी ठेवावी हे सांगणारा लेखी नियमसंच. कायदा फक्त बाहेरची मर्यादा आखतो. धोरण त्या मर्यादेच्या आत हवालदाराच्या रोजच्या वागण्याला वळण देते. महाराष्ट्रात कायदा आहे, पोलीस नियमपुस्तिका आहे, कमरेखालीच लाठी चालवावी हा सर्वांना तोंडपाठ असलेला दंडक आहे. परंतु तिसऱ्या पक्षाला केंद्रस्थानी ठेवून कायद्याची रचनाच केलेली नाही, आणि या उणिवेचे परिणाम ज्या जिल्ह्यात दोन्ही टोकांनी दिसले, तो जिल्हा बीड आहे.

२०२३ सालच्या दोन तारखा शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. १ सप्टेंबर रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी चाललेल्या उपोषणस्थळी पोलिसांनी लाठीमार केला आणि अश्रुधूर सोडला. हे गाव बीड जिल्ह्याच्या हद्दीपासून फार लांब नाही, आणि उपोषणकर्ते मनोज जरांगे हे मूळचे बीड जिल्ह्यातील मातोरीचे. महिला आणि वृद्ध जखमी झाल्याची दृश्ये घरोघर पोहोचली, पोलीसही जखमी झाले, जालन्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी क्षमा मागितली. पुढच्या काही दिवसांत मराठवाड्यात रोष निघाला तो एसटीच्या गाड्यांवर, आणि अनेक मार्गांवरील फेऱ्या बंद ठेवाव्या लागल्या. दुसरी तारीख ३० ऑक्टोबरची. त्या दिवशी माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचे घर जाळण्यात आले, बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांच्या घराला आणि राजकीय पक्षाच्या कार्यालयाला आगी लावण्यात आल्या, आणि जमाव बीडच्या बसस्थानकात शिरून उभ्या असलेल्या कित्येक गाड्यांच्या काचा फोडून गेला. संचारबंदी लागली, पण ती घटनेनंतर. या वेळी टीका झाली ती अतिरेकाची नव्हे, तर पोलीस बघत राहिल्याची.

दोन्ही प्रसंगांना जोडणारा धागा राजकीय चर्चेत हरवला. पहिल्या प्रसंगानंतर कोणत्या टप्प्यावर काय चुकले याचा जाहीर, कलमवार उलगडा होऊन त्यातून नियम निघाला असता, तर दोन महिन्यांनी बीडमधल्या अधिकाऱ्याच्या हाती काहीतरी लेखी असते. त्याऐवजी यंत्रणेला एवढाच धडा मिळाला की लाठी चालवली की अधिकारी जातो. हा धडा प्रत्येक पोलिसाने मनाशी घेतला, असे सिद्ध करता येणार नाही. परंतु नियम अस्पष्ट आणि शिक्षा अनिश्चित असली की माणूस एकदा अतिरेक करतो आणि पुढच्या वेळी हात बांधून उभा राहतो, हे कोणत्याही खात्यात नोकरी केलेल्यास समजावून सांगावे लागत नाही. म्हणून बळाच्या वापरावर लेखी मर्यादा घातल्या की पोलीस लुळे पडतात, हा नेहमीचा आक्षेप बीडच्या अनुभवाने उलटा ठरतो. तेथे पोलिसांचे लुळेपण दिसले ते अशा लेखी मर्यादा नसतानाच.

कलम १४८ मधील एका तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. जमावाला पांगण्याचा हुकूम देण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला, आणि तो नसेल तर उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्याला आहे. तालुक्याच्या बसस्थानकातील चौकीत प्रत्यक्षात असतो तो हवालदार, कधी शिपाई, सणासुदीला जोडीला होमगार्ड. गर्दी पांगवण्याचा कायदेशीर अधिकार ज्याच्याकडे नाही त्याच्याच हातात लाठी आहे, आणि ज्याच्याकडे अधिकार आहे तो ठाण्यात, तपासात किंवा बंदोबस्तात आहे. तेव्हा स्थानकातील रोजचे बळ उभे असते ते वेगळ्याच कलमांवर: अटक करताना लागेल तेवढे बळ वापरण्याची मुभा देणारे कलम ४३, पळून जाण्यास प्रतिबंध होईल त्याहून अधिक जखडू नये असे सांगणारे कलम ४६, आणि नव्या संहितेने आणलेले कलम १७२. या शेवटच्या कलमानुसार पोलिसाच्या कायदेशीर निर्देशाचे पालन करणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि जो विरोध करील, नकार देईल किंवा दुर्लक्ष करील त्याला पोलिसाला ताब्यात घेता येते वा तेथून हटवता येते. किरकोळ प्रकरणात त्याला लवकरात लवकर आणि चोवीस तासांच्या आत सोडायचे असते. हटवताना किती बळ वापरावे हे मात्र कलम सांगत नाही. बाकावर झोपलेल्या मद्यपीला, फलाटावर भांडणाऱ्या दोघांना, गाडीत चढताना गळ्यातील पोत मारल्याच्या संशयावरून गर्दीने धरून दिलेल्या बाईला याच कलमाखाली हात लावला जाईल, आणि तो हात कसा लावायचा हे ठरवणारे कोणी तेथे नसेल.

खरे तर स्थानकातील बहुतेक बळप्रयोगाचे मूळ क्षुल्लक असते. तिकिटाचा वाद घ्यावा. एसटीत विनातिकीट सापडणाऱ्या प्रवाशाकडून चुकवलेल्या भाड्याच्या दुप्पट किंवा शंभर रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती वसूल केली जाते. रेल्वेत भाड्याखेरीज किमान २५० रुपये भरावे लागतात. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथून ऊसतोडीच्या हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ही रक्कम काहींच्या दृष्टीने दिवसाच्या मजुरीचा मोठा भाग असते. वाद वाहकाशी सुरू होतो, आवाज चढतो, वाहक लोकसेवक असल्यामुळे सरकारी कामात अडथळ्याचे कलम पुढे येते (भारतीय न्याय संहितेतील १३२, बोलण्यात अजूनही जुने ३५३ च), चालक गाडी वाटेत थांबवण्याऐवजी थेट ठाण्याच्या दारात आणून उभी करतो, आणि दंडाच्या रकमेचा प्रश्न बघता बघता धरपकडीचा होतो. वाहकाला संरक्षण हवेच. पहाटेच्या फेरीला एकट्याने चाळीस-पन्नास माणसांशी व्यवहार करणाऱ्या वाहकावर हात उगारला जातो हे खोटे नाही. पण भाड्याच्या वादात पोलिसाचे पहिले काम दंडाची पावती आणि नाव-पत्ता घेऊन माणसाला मोकळे करणे हे असावे. शारीरिक बळ तेव्हाच, जेव्हा कोणाच्या अंगाला इजा होण्याचा धोका समोर असेल. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांनी २ डॉलर ९० सेंटचे भाडे चुकवणाऱ्या आणि चाकू बाळगणाऱ्या एका माणसाचा पाठलाग केला आणि शेवटी गोळीबार केला. त्यात तो माणूस, एक पोलीस आणि ज्यांचा काही संबंध नव्हता असे प्रवासीही जखमी झाले. शस्त्रधारी पोलीस असलेल्या कोणत्याही स्थानकात अशी साखळी घडू शकते.

बंदिस्त वाहनातील बंदूक हा याच प्रश्नाचा सर्वांत उघडा भाग. २७ ऑक्टोबर २००८ रोजी मुंबईत कुर्ल्याजवळ बेस्टच्या दुमजली बसमध्ये गावठी पिस्तूल घेऊन चढलेल्या पाटण्याच्या राहुल राज या तरुणाला पोलिसांनी गोळ्या घालून ठार केले. त्यावरून महाराष्ट्र आणि बिहार यांच्यात राजकीय वाद पेटला आणि तरुण परप्रांतीय होता की माथेफिरू, यावर शाई खर्ची पडली. त्याला बोलण्यात गुंतवून ठेवता आले असते का, बस रिकामी होईपर्यंत थांबता आले असते का, हे प्रश्न विचारले गेले, पण त्यांच्या उत्तरांतून बसमधील सशस्त्र इसमाशी कसे वागावे याची जाहीर कार्यपद्धती निघाली नाही. पंधरा वर्षांनी, ३१ जुलै २०२३ च्या पहाटे, जयपूर-मुंबई सुपरफास्ट गाडीत बंदूक चालवणारा स्वतःच पहारेकरी होता: रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपले वरिष्ठ सहायक उपनिरीक्षक टीकाराम मीणा आणि तीन प्रवासी यांना धावत्या गाडीत ठार केले. या गुन्ह्याचे स्वरूप वेगळे आहे आणि त्याचा न्याय न्यायालयात व्हायचा आहे. पण धोरणापुरता एक प्रश्न त्यातून सुटत नाही. माणसांनी भरलेल्या डब्यात गस्त घालणाऱ्याकडे एका दमात अनेक गोळ्या झाडणारे शस्त्र असण्याचा हेतू काय? चोर आणि दरोडेखोर यांच्याविरुद्ध ते डब्यात वापरता येणारच नसेल, कारण गोळी पत्र्यातून आणि पुढच्या बाकावरच्या माणसातून पार जाईल, तर ते शोभेचे आहे. आणि वापरता येत असेल तर प्रवाशाची गणती त्यात कोणी केली आहे?

ही गणती न्यायालयात कशी होऊ शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण लंडनचे आहे. २२ जुलै २००५ रोजी स्टॉकवेल भुयारी स्थानकात उभ्या गाडीत शिरून पोलिसांनी ज्याँ शार्ल द मेनेझेस या ब्राझीलच्या विद्युत कारागिराला आत्मघातकी हल्लेखोर समजून डोक्यात गोळ्या घालून मारले. एकाही पोलिसावर खुनाचा खटला उभा राहिला नाही. परंतु २००७ मध्ये लंडनचे पोलीस दल दोषी ठरले, आणि ते कारखान्यातील व कामाच्या जागेवरील सुरक्षिततेच्या कायद्याखाली, जनतेला धोक्यात घातल्याबद्दल. दंड झाला १ लाख ७५ हजार पौंडांचा. दंडाची रक्कम क्षुल्लक म्हणता येईल. लक्षणीय आहे ती दृष्टी: एका माणसाच्या मृत्यूपलीकडे जाऊन, ती सबंध कारवाई ज्या पद्धतीने आखली गेली त्यात स्थानकातील लोकांची सुरक्षा कोणी पाहिली, असा प्रश्न संस्थेला विचारला गेला. आपल्याकडे भरपाईचा मार्ग आहे. अनिता ठाकूर विरुद्ध जम्मू-काश्मीर राज्य या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, आंदोलक हिंसक झाले तरी परिस्थिती आटोक्यात आल्यावर चालू राहिलेली मारहाण अतिरेकच ठरते, आणि पीडितांना भरपाई दिली. तरीही बळप्रयोगाचे नियोजन करणाऱ्या संस्थेला जाब विचारण्याची सवय अजून रुजलेली नाही. आपण निलंबित शिपाई शोधतो.

बीडमध्ये हा विषय आता लोहमार्गामुळे नव्याने उभा राहत आहे. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाची मागणी आणि मंजुरी यांत पिढ्या गेल्या; २३ सप्टेंबर २०२२ रोजी गाडी आष्टीपर्यंत आली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडपर्यंत. परळीला रेल्वे जुनीच आहे, पण जिल्ह्याच्या मुख्य गावाने पहिल्यांदा स्वतःचा फलाट पाहिला. फलाटासोबत तेथे नवे गणवेशही येतात. रेल्वे सुरक्षा दल हे केंद्राचे सशस्त्र दल असून रेल्वेची मालमत्ता आणि प्रवासी यांचे रक्षण करते. गाडीत वा स्थानकात घडलेल्या गुन्ह्यांचा तपास राज्याचे लोहमार्ग पोलीस करतात. स्थानकाच्या फाटकाबाहेर रिक्षाथांब्यावर जिल्हा पोलिसांची हद्द सुरू होते. आणि एसटीच्या आवारात महामंडळाचे स्वतःचे सुरक्षारक्षक असतात. गेवराईहून एसटीने बीडला येऊन रेल्वेने अहिल्यानगरला जाणाऱ्या प्रवाशाला एका सकाळी यांपैकी कोणीही काठीने ढोसू शकतो, आणि तक्रार कुठे करायची हे त्याला ठाऊक असण्याची शक्यता फार थोडी आहे. चार यंत्रणांचा कारभार एक करणे अवघड आहे. पण बळाच्या वापराचा नियम चौघांसाठी एक असणे अशक्य नाही, कारण प्रवासी एकच आहे.

तक्रारीसाठी आधी माणूस ओळखता यावा लागतो. येथे बीडने अनवधानाने एक गुंता निर्माण केला आहे, आणि तो एका चांगल्या हेतूतून आला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर जिल्ह्यातील जातीय तणाव इतका वाढला की, नवे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नामफलकांवरून आडनावे काढून केवळ नावे ठेवण्याचा उपक्रम राबवला. आडनावावरून जात आणि जातीवरून पक्षपात जोखणाऱ्या समाजात हा उपाय धाडसी आणि बहुधा योग्यच होता. पण संहितेचे कलम ३६ अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर अचूक, दिसेल अशी आणि स्पष्ट ओळख असावी असे म्हणते, आणि ज्या जिल्ह्यात संतोष, गणेश, अशोक या नावांचे किती पोलीस असतील हे मोजावे लागेल, तेथे नुसते नाव पुरत नाही. उत्तर खात्याच्याच जुन्या व्यवहारात आहे: बक्कल नंबर. तो हाताच्या अंतरावरून नव्हे, तर फलाटाच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अंकांत छातीवर आणि पाठीवर असला, तर आडनाव जाऊनही जबाबदारी राहते. बंदोबस्तात शिरस्त्राण घातलेल्या पोलिसाच्या बाबतीत तर हे अधिकच आवश्यक आहे.

पुढचा प्रश्न नोंदीचा. लाठी उगारली पण गुन्हा दाखल झाला नाही, असे प्रसंग कागदावर येतच नाहीत; स्टेशन डायरीत ‘गर्दी हटवली’ एवढेच राहते. स्थानकातील प्रत्येक बळप्रयोगाची नोंद वेळ, फलाट, गाडीचा क्रमांक, वापरलेले साधन आणि आधी दिलेली सूचना यांसह त्याच दिवशी व्हावी, आणि तिच्यासोबत कॅमेऱ्याचे चित्रण बाजूला काढून ठेवले जावे. पोलीस ठाण्यांतील चित्रण अठरा महिने, आणि ते शक्य नसल्यास किमान वर्षभर ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमवीरसिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सांगितले आहे. पण बसस्थानकातील कॅमेरे महामंडळाचे, त्यांची साठवण महामंडळाची, आणि तो आदेश तेथे लागू आहे असे कोणी मानत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या शिवशाही गाडीत तरुणीवर बलात्कार झाल्यावर राज्यभर स्थानकांच्या सुरक्षिततेची चर्चा झाली, रक्षक वाढवावेत, कॅमेरे वाढवावेत अशा मागण्या झाल्या. त्या रास्तच. तेथे दोष बळाच्या अतिरेकाचा नव्हता, गस्तीच्या अभावाचा होता; पण वाढवलेल्या प्रत्येक रक्षकाबरोबर, त्याने कोणाला कधी हात लावायचा हा प्रश्नही वाढतो, आणि तो त्या वेळी कोणी विचारला नाही.

आक्षेप घेणारे म्हणतील की हे सारे पुण्या-मुंबईला शोभते. बीडमध्ये मनुष्यबळ अपुरे आहे, शस्त्रपरवान्यांची संख्या राज्यभर चर्चेचा विषय झालेली आहे, आणि समोरच्या माणसाच्या कमरेला काय असेल हे पोलिसाला माहीत नसते. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. पोलिसाची भीती खरी असते, आणि एकट्या हवालदाराने पन्नास जणांना नियम वाचून दाखवावेत अशी अपेक्षा कोणी करू नये. मात्र यातून निष्कर्ष निघतो तो अधिक स्पष्ट नियमांचा. कुमक येईपर्यंत एकट्याने काय करावे हे जर लिहिलेले असेल, म्हणजे जमावात शिरू नये, गाड्या स्थानकाबाहेर काढण्यास चालकांना सांगावे, बाहेर जाणारे फाटक मोकळे ठेवावे, विभाग नियंत्रकांशी बोलून येणाऱ्या फेऱ्या आधीच्या थांब्यावर रोखाव्यात, तर तो बघत राहिला असे कोणी म्हणणार नाही. तो नियमाप्रमाणे वागला असे म्हटले जाईल. ३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी गाड्या आवारात उभ्या होत्या म्हणून फुटल्या. लाठीने त्या वाचल्या असत्या की नाही हे सांगता येत नाही. आधी हलवल्या असत्या तर त्या जमावाच्या हाती लागल्या नसत्या.

अशा नियमांसाठी नवा कायदा लागत नाही. पोलीस महासंचालकांचे परिपत्रक, महामंडळाचा आदेश आणि रेल्वेशी समन्वयाची एक बैठक एवढ्यात ते होऊ शकते. छपराखाली आणि गाडीत अश्रुधूर सोडायचा नाही. बसमध्ये वा डब्यात गोळीबार फक्त समोर घडत असलेल्या प्राणघातक हल्ल्याला रोखण्यासाठी, आणि इतर सारे मार्ग संपल्यावर. पांगण्याचा हुकूम द्यायचा तर वाहतूक नियंत्रकाच्या खोलीतील ज्या ध्वनिक्षेपकावरून परळी, पुणे, सोलापूरच्या गाड्या पुकारल्या जातात त्याच्यावरूनच, मराठीत, कोणत्या फाटकातून बाहेर पडायचे हे सांगून, आणि प्रवाशांना बाहेर पडायला प्रत्यक्ष वेळ देऊन. असा ध्वनिक्षेपक बहुतेक स्थानकांत असतो आणि प्रवासी त्याचे ऐकण्याची सवय असलेले आहेत. पोलिसांना त्याची चावी कोणाकडे असते हे माहीत असणे एवढेच बाकी आहे.

राहिली दाद मागण्याची जागा. प्रकाश सिंग प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्यास सांगितले होते. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून ती राज्य आणि महसूल विभाग या पातळ्यांवर नेली, जिल्हा वगळला. परिणामी धारूरच्या किंवा शिरूर कासारच्या ज्या माणसाला स्थानकात मार बसला, त्याच्यासाठी विभागाचे ठिकाण म्हणजे छत्रपती संभाजीनगर, आणि तेथे जाण्या-येण्याला लागणारे भाडे व बुडणारी मजुरी ही तक्रारीची पहिली किंमत. जिल्हा प्राधिकरण नको असेल तर विभागीय प्राधिकरणाने महिन्यातून एक दिवस बीडला बैठक घ्यावी, लोहमार्ग आणि महामंडळाच्या आवारातील तक्रारीही त्याच टेबलावर घ्याव्यात, आणि त्या दिवसाची सूचना प्रत्येक आगाराच्या चौकशी खिडकीवर, वेळापत्रकाच्या शेजारी, लावावी.